"फरशीने पाणी पिलं" म्हणणाऱ्या मुलीला विज्ञान कसं शिकवायचं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी थोडक्यात परत मांडते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. मुलगी चौथीत आहे, शाळेत दर महिन्याला जनरल सायन्सची टेस्ट असते, त्यासाठी तुम्ही पाचशे प्रश्नोत्तरांचं पुस्तक आणलंय आणि ती ते घडाघडा पाठ करते. बाष्पीभवन म्हणजे काय विचारलं तर व्याख्या तोंडपाठ. पण परवा तुम्ही फरशी पुसलीत आणि सहज विचारलंत की हे पाणी गेलं कुठे गं, तर म्हणाली "फरशीने पिऊन टाकलं". तेव्हापासून तुम्हाला काळजी लागलीय की पोरगी नुसती घोकते, डोक्यात काहीच जात नाही, आता क्लास लावू का.

क्लास लावू नका. मी सोलापूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये २८ वर्षं पहिली ते पाचवीला शिकवलंय, आणि तुम्हाला मनापासून सांगते, "फरशीने पिलं" हे उत्तर त्या पाचशे उत्तरांपेक्षा जास्त मोलाचं आहे. कारण ते तिचं स्वतःचं आहे. तिने कधीतरी पाहिलंय की कोरड्या मातीवर पाणी टाकलं की माती पिते, फडका पितो, स्पंज पितो, मग फरशीही पीत असणार. हा विचारच आहे ना? चुकीच्या जागी लागलाय एवढंच. आणि एका बाबतीत ती बरोबरही आहे, शेणाने सारवलेली जमीन किंवा भाजलेली वीट खरंच पाणी पिते. तेव्हा "छे, चूक, बाष्पीभवन म्हण" असं म्हणून ते उत्तर पुसून टाकू नका, त्याची परीक्षा घ्या.

म्हणजे काय करायचं, तर तिला म्हणायचं, बरं, फरशी पिते ना, मग स्टीलची ताटली पाणी पिते का? ती नाही म्हणेल. मग दोन सारख्या ताटल्या घ्यायच्या, दोन्हीत दोन दोन चमचे पाणी, एक उघडी ठेवायची आणि दुसरीवर घट्ट बसेल असा डबा उपडा घालायचा. आणि इथे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, ठेवायच्या आधी तिला विचारायचं की सकाळी काय दिसेल, आणि तिचं म्हणणं वहीत तिच्याच हाताने लिहून घ्यायचं. सकाळी उघडी ताटली कोरडी किंवा जवळपास कोरडी असते आणि झाकलेलीत पाणी बरंचसं तसंच. स्टील तर पीत नाही. मग गेलं कुठे? माझ्या वर्गात इथे बहुतेक पोरं म्हणायची "मग हवेने पिलं". झालं की मग. बाष्पीभवन हा शब्द ह्या क्षणाला द्यायचा, आधी नाही. आधी दिला तर तो नुसता आवाज असतो, नंतर दिला तर तो तिने स्वतः पकडलेल्या गोष्टीचं नाव असतं.

माझं सगळं शिकवणं शेवटी ह्या एका क्रमावर आलं: आधी अंदाज, मग बघणं, मग नाव. पुस्तकात हा क्रम उलटा असतो, नाव पहिलं आणि बघणं जमलं तर. ह्या उलट्या क्रमामुळेच पोरं व्याख्या म्हणतात आणि फरशीला पाणी पाजतात, दोन्ही एकाच डोक्यात सुखाने राहतं कारण दोघांची गाठच पडलेली नसते.

आता ह्या पाण्याच्याच धाग्याने पुढे जा, घाई करू नका, एक धागा महिनाभर पुरतो. ताटलीनंतरचा प्रश्न असा: हवेने पिलेलं पाणी परत मिळतं का? त्यासाठी फ्रीजमधलं गार कोकम सरबत. ग्लास भरला की पाच मिनिटांत बाहेरून थेंब येतात. हे थेंब कुठून आले विचारलं की वर्गातली निम्म्याहून जास्त पोरं म्हणतात ग्लास पाझरतो. माठ पाझरतो हे त्यांनी पाहिलेलं असतं, त्यामुळे हे उत्तरही अगदी शहाणं आहे. म्हणून तर साधं पाणी न घेता कोकम घ्यायचं. बाहेरचा थेंब बोटाने पुसून बघायला लावा. रंग आहे का? नाही. चाटून बघ, गोड आहे का? नाही. आतून आलं असतं तर लाल आणि गोड असायला हवं होतं. शेजारी दुसरा ग्लास ठेवा, त्यात तेच सरबत पण गार न केलेलं. त्याला थेंब येत नाहीत. म्हणजे गारव्याशी संबंध आहे. एका वर्षी एका मुलीने मला विचारलं होतं की बाई, हवेतलंच पाणी असेल तर ग्लास जड व्हायला पाहिजे. नऊ वर्षांची पोर हो. शेजारच्या किराणा दुकानातून इलेक्ट्रॉनिक काटा मागून आणला आणि ठेवला ग्लास त्यावर, आकडा हळूहळू वर चढताना पाहिला तेव्हा सगळा वर्ग काट्याभोवती गोळा झाला होता.

एक व्यवहारातली सूचना, हा प्रयोग पावसाळ्यात करा, जुलै ऑगस्टमध्ये थेंब भरभर आणि भरपूर येतात. आमच्याकडे मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की थेंब कमी येतात आणि ग्लास पुसला तर परत यायला वेळ लागतो. पण हा फरकसुद्धा शिकवायच्या कामाचा आहे. तिला विचारा की मामाकडे रत्नागिरीला श्रावणात कपडे दोन दोन दिवस का वाळत नाहीत आणि नागपूरला मे महिन्यात अर्ध्या तासात का वाळतात. मुंबईत एअर कूलर लावला तर नुसतं चिकट का होतं आणि विदर्भात तोच कूलर सगळा उन्हाळा कसा काढून देतो. हवेचं पोट आधीच पाण्याने भरलेलं असेल तर ती आणखी फारसं घेत नाही, चौथीला एवढं पुरे. सापेक्ष आर्द्रता वगैरे शब्द पुढे येतील तेव्हा येतील.

माठ सुद्धा ह्याच धाग्यातला. माठातलं पाणी गार का, ह्याला पुस्तकातलं उत्तर "बाष्पीभवनामुळे" असं एका शब्दाचं असतं आणि ते पोरांना काहीच सांगत नाही. आधी हाताच्या पंजाच्या मागच्या बाजूला ओलं बोट फिरवून फुंकर मारायला लावा, गार लागतं. दुसऱ्या कोरड्या हातावर तीच फुंकर, तेवढी गार लागत नाही. पाणी उडून जाताना सोबत ऊब घेऊन जातं हे कातडीला कळलं की मग दोन बाटल्या घ्या, एकीला ओला पंचा गुंडाळा, दुसरीला काही नाही, दोन्ही सावलीत वाऱ्याला ठेवा आणि तासाभराने दोन्हींतलं पाणी प्यायला द्या. शेतावर जाणारे लोक बाटलीला ओलं फडकं गुंडाळतात ते का, हे पोरं मग स्वतःच येऊन सांगतात. जुना माठ कमी गार का करतो हेही विचारतील. पाण्यातले क्षार साठून त्याची बारीक भोकं बुजतात, पाझर कमी, मग उडणारं पाणी कमी.

आणि पुरी! पुरी का फुगते हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे. उत्तरं येतात, आत तेल शिरतं, आत हवा भरते, सोडा असतो. पिठात सोडा नसतो हे आईला विचारून पक्कं करायचं. मग एक पुरी नेहमीसारखी तळायची आणि एकीला काट्याने सगळीकडे टोचे मारायचे. टोचलेली फुगत नाही. तिखटमिठाच्या कडक पुऱ्यांना आपण टोचे मारतो ते ह्यासाठीच. म्हणजे आतून काहीतरी बाहेर पडायला बघतंय. काय असेल? पिठात आपण काय घातलं होतं? पाणी. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १६०० पट जागा मागते, म्हणजे एक चमचा पाण्याची सोळाशे चमचे वाफ, म्हणून एवढ्याशा ओलाव्यावर अख्खी पुरी टम्म फुगते. भाकरीचा पापुद्रा सुटतो तोही असाच. तेलाजवळ अर्थात तुम्ही उभ्या राहायचं आणि तिने लांबून बघायचं, ह्यात तडजोड नाही.

वाफेवरून आठवलं, जी पांढरी दिसते ती खरं तर वाफ नसते. चहाची किटली उकळताना लांबूनच नीट बघा, तोटीच्या अगदी तोंडाशी बोटभर जागा मोकळी दिसते आणि मग पांढरं सुरू होतं. त्या मोकळ्या जागेत खरी वाफ असते, ती दिसत नाही, आणि पुढे गार हवेत तिचे बारीक थेंब होतात ते आपल्याला पांढरे दिसतात. ढग, धुकं, थंडीत तोंडातून निघणारा "धूर", सगळं हेच थेंब. हे मला स्वतःला नोकरीला लागल्यावर बऱ्याच वर्षांनी कळलं.

पाण्याचं एवढं सविस्तर लिहिलं कारण घरात ते सगळ्यात सोपं. दुसरा विषय तुम्हाला अंगणात किंवा गच्चीवर मिळेल, तो म्हणजे सावली. "दुपारी १२ वाजता सूर्य डोक्यावर येतो" हे वाक्य आपण सगळ्यांनी म्हटलंय आणि ते वर्षातले बहुतेक दिवस खोटं असतं. एक मीटरची काठी सरळ उभी करा, दर अर्ध्या तासाने सावलीच्या टोकाला खडूने खूण करा. दोन गोष्टी दिसतील. सगळ्यात आखूड सावली १२ ला पडतच नाही. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाचं आहे आणि आपण त्याच्या पश्चिमेला, म्हणून आमच्याकडे मे महिन्यात ती साधारण १२ वाजून २०-२५ मिनिटांनी पडते, मुंबईला १२ वाजून ३५ च्या आसपास. आणि दुसरं म्हणजे सावली आखूड झाली तरी शून्य होत नाही. डिसेंबरात २२ तारखेच्या सुमारास भर दुपारी सुद्धा मीटरभर काठीची सावली सोलापुरात जवळजवळ ८७ सेंटीमीटर असते!

सूर्य खरोखर डोक्यावर येतो तो वर्षात फक्त दोन दिवस, शून्य सावलीचे दिवस म्हणतात त्यांना. अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे हे भाग्य आपल्या प्रत्येक गावाला मिळतं, दिल्लीला मिळत नाही. पहिला दिवस मे महिन्यात येतो, राज्याच्या दक्षिण टोकाला अगदी सुरुवातीला आणि उत्तरेकडे सरकत सरकत महिनाअखेरीला. सोलापूरला १० मेच्या आसपास, पुण्याला १३-१४, मुंबईला १५-१६, नागपूरला २६ च्या सुमारास. दुसरा दिवस जुलै-ऑगस्टमध्ये असतो पण तेव्हा बहुधा ढग असतात. मे महिन्यात शाळेला सुट्टी, तरी मी दरवर्षी निरोप धाडायचे आणि वीस पंचवीस पोरं भर उन्हात मैदानात यायची, कुणी पाण्याची टाकी बघतंय, कुणी काठी, कुणी उभी केलेली बाटली, सावली पायाखाली गुडूप. आणि ह्या दोन दिवसांच्या मधल्या काळात, म्हणजे जून महिन्यात, दुपारी काठीची सावली दक्षिणेकडे पडते, इतर वेळी ती उत्तरेकडे असते. हे पहिल्यांदा मोजलं तेव्हा एक मुलगा म्हणाला होता, बाई, सूर्य आपल्याला ओलांडून गेला. किती सुंदर बोलला तो, आणि भूगोलाच्या भाषेत अगदी बरोबर.

ह्यातूनच उन्हाळा का येतो हा प्रश्न निघतो आणि इथे मोठी माणसंही सर्रास चुकतात. पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून उन्हाळा, असं वाटतं कारण चुलीजवळ गेलं की गरम लागतं. पण पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर, जेव्हा आपण स्वेटर घालून शेकोटी करतो, आणि सगळ्यात लांब असते जुलैच्या सुरुवातीला, सुमारे १५ कोटी २१ लाख. मुलीला क्रिकेट आवडत असेल तर विचारा की डिसेंबरात मेलबर्नला टेस्ट असते तेव्हा प्रेक्षक टोप्या घालून उन्हात कसे बसलेले असतात, आपल्याकडे तर थंडी. जवळ-लांबमुळे ऋतू होत असते तर दोन्हीकडे एकदमच उन्हाळा झाला असता. मग टॉर्च घ्या, भिंतीवर सरळ मारा आणि मग तिरका मारा, तिरक्या प्रकाशाचा डाग पसरतो आणि फिका होतो. काठीची लांब सावली आणि तिरका टॉर्च, ही जोडी लागली की काम झालं.

चंद्रासाठी तर आपल्या घरात कॅलेंडर टांगलेलंच आहे. घरात कुणी संकष्टी धरत असेल तर चंद्रोदयाची वेळ बघतातच. आता हाच प्रश्न करा, पौर्णिमेला चंद्र सूर्य मावळताना उगवतो मग संकष्टीला तो रात्री नऊच्या सुमारास का? चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो, चार दिवसांचा हिशोब पोरगी स्वतः करेल. लक्ष्मीपूजनाच्या रात्री कधी चंद्र दिसलाय का? नाही, ती अमावस्या. कोजागिरीला? पूर्ण गोल. शाळेत "चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात" असं बरीच मुलं लिहितात आणि पालकही मान डोलावतात, ते ग्रहणाचं कारण आहे, कलांचं नाही. संध्याकाळी खोलीत एकच दिवा लावा, तिच्या हातात लिंबू नाहीतर पांढरा चेंडू द्या, हात लांब करून स्वतःभोवती हळूहळू फिरायला सांगा, कोर, अर्धा, पूर्ण सगळं तिच्या हातातच दिसेल. दिवसा दिसणारा चंद्र पण दाखवा, पौर्णिमेनंतर आठवड्याभराने सकाळी शाळेत जाताना पश्चिमेकडे असतो. चंद्र फक्त रात्री असतो असं ठाम मानणारी पोरं तो बघून दचकतात. आणि चांद्रयान-३ तिला माहीत असेलच, २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी उतरलं, ती तारीख का निवडली विचारा. उतरायच्या जागी तेव्हा सकाळ होत होती, आणि चंद्रावरचा दिवस आपल्या सुमारे १४ दिवसांचा, यानाला सौरऊर्जेवर काम करायला तेवढा वेळ मिळावा म्हणून. तारीख नुसती पाठ करण्यापेक्षा ही गोष्ट कळली की तारीख आपोआप राहते.

झाडांचं थोडक्यात. मटकी घ्या आणि चार वाट्या, एक कोरडी, एक ओल्या फडक्यात उजेडात, एक ओल्या फडक्यात कपाटाच्या अंधारात, एक पाण्यात पूर्ण बुडवलेली. अंधारातली उगवणार नाही असं जवळजवळ सगळी मुलं छातीठोक सांगतात आणि ती मस्त उगवते, उलट पाच-सहा दिवसांत उजेडातल्यापेक्षा उंच आणि पिवळी होते. मग बोलणं करायचं की बी उगवायला ऊन कशाला लागेल, शिदोरी तर तिच्या डाळींतच आहे, ऊन लागतं ते शिदोरी संपल्यावर.

हळदीचंही सोडू नका. पांढऱ्या शर्टावर आमटीचा डाग, साबण लावला की लाल होतो आणि आई वैतागते, त्या डागावर लिंबू पिळलं की परत पिवळा. पूर्वी कुंकू हळदीपासून करायचे ते हेच, हळदीत चुन्यासारखं काहीतरी मिसळून. आम्ल, आम्लारी, दर्शक हे शब्द सातवी-आठवीत येतील तेव्हा ती म्हणेल हे तर मला माहीत आहे. जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात टाकूनही करता येतं, लिंबाने लालभडक आणि साबणाच्या किंवा सोड्याच्या पाण्याने हिरवट.

लोहचुंबक मिळालं तर घरभर फिरवू द्या, फक्त मोबाईल आणि एटीएम कार्डापासून लांब. "सगळे धातू चिकटतात" असं वाटत असतं, ॲल्युमिनियमचं पातेलं, तांब्याचा तांब्या, पितळेची समई चिकटत नाही, आणि एक दोन रुपयांची नवी नाणी चिकटतात. त्यावर तिला स्वतःला यादी करू द्या.

आता तुमच्या त्या पाचशे प्रश्नांच्या पुस्तकाबद्दल. फेकू नका, पण आंधळा विश्वासही ठेवू नका. अशा पुस्तकांत जुन्या गोष्टी छापून येत राहतात. ग्रह नऊ असं असेल तर ते २००६ पासून आठ आहेत. सगळ्यात जास्त चंद्र गुरूचे असं असेल तर खोडा, शनी कधीच पुढे गेलाय, २०२५ मध्ये त्याची मोजदाद २७४ झाली. जिभेच्या टोकाला गोड, मागे कडू असा नकाशा असेल तर तोही चूक, सगळ्या चवी जिभेवर सगळीकडे कळतात, साखर जिभेच्या मागच्या भागाला लावून बघा. झाडाखाली रात्री झोपलं तर झाड ऑक्सिजन खाऊन टाकतं असं असेल तर त्यात अर्धंच खरं आहे. झाड दिवसरात्र श्वास घेतं, रात्री अन्न बनवायचं थांबतं म्हणून ऑक्सिजन सोडत नाही, पण खोलीत झोपलेलं एक माणूस कुंडीतल्या रोपापेक्षा कितीतरी जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि आपण भावंडांच्या शेजारी झोपायला घाबरत नाही.

आणि एक चूक मी स्वतः सहा वर्षं शिकवली ती सांगते. ताटात पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वर काचेचा ग्लास पालथा. मेणबत्ती विझते आणि पाणी ग्लासात चढतं. मी सांगायचे की ऑक्सिजन जळून संपला, त्याची जागा पाण्याने घेतली, बघा हवेत २१ टक्के ऑक्सिजन आहे. पाचवीतल्या एका मुलाने विचारलं, बाई, तीन मेणबत्त्या लावल्या तर? लावल्या. पाणी जास्त वर चढलं. ग्लास तोच, आतला ऑक्सिजन तेवढाच, मग पाणी जास्त का? मला उत्तर देता आलं नाही, त्या दिवशी नुसतं म्हणाले की माझं चुकतंय, शोधते. नंतर वाचून, परत परत करून कळलं की ज्योत विझते तेव्हा आत बराच ऑक्सिजन शिल्लक असतो, आणि पाणी चढतं ते मुख्यतः तापलेली हवा विझल्यावर गार होऊन आकसते म्हणून. नीट बघितलं तर पाण्याची मोठी उडी मेणबत्ती विझल्यावरच येते. पुढच्या सोमवारी वर्गात तसं सांगितलं. त्यानंतर त्या वर्गातली पोरं मला जास्त प्रश्न विचारायला लागली, कमी नाही. म्हणून ताई, तुम्हाला एखादं उत्तर येत नसेल तर ते तिच्यापासून लपवू नका, "मला माहीत नाही, चल बघू" हे वाक्य आईच्या तोंडून ऐकणं मुलांना फार बळ देतं.

टेस्टचं काय, हा तुमचा खरा प्रश्न मला कळतोय, मार्क पण हवेत. तर टेस्टच्या आदल्या दिवशी वीस मिनिटं पुस्तक घ्या, व्याख्या म्हणून घ्या, त्याला हरकत नाही, काही गोष्टी पाठच कराव्या लागतात. पण प्रत्येक व्याख्येला घरातला एक पुरावा जोडायला लावा. बाष्पीभवन, ताटली. संघनन, कोकमचा ग्लास. हाडं मोठ्या माणसात २०६, तर बाळात ३०० च्या आसपास, मग कुठे गेली, हरवली का? नाही, काही एकमेकांना जुळून गेली. असं जोडलेलं महिन्यानंतर विचारलं तरी राहतं. स्टेट बोर्डाची शाळा असेल तर तिसरी ते पाचवी परिसर अभ्यास आहे आणि सामान्य विज्ञान सहावीपासून, तेव्हा दोन वर्षं हातात आहेत, आत्तापासून धास्ती घ्यायचं कारण नाही.

रविवारचा अर्धा तास पुरतो. एक शंभर पानी वही, प्रत्येक पानावर तारीख, मग "मला वाटतं", मग "झालं काय", चित्र काढलं तर उत्तमच. अंदाज चुकला तर खोडरबर द्यायचा नाही, चुकलेला अंदाज तसाच राहू द्यायचा, ती पुढे तो वाचून स्वतःच खूष होते. यूट्यूबवरचे प्रयोग दाखवायचेच असतील तर स्वतः करून झाल्यावर, कारण व्हिडिओत सगळं पहिल्या फटक्यात जमतं आणि मुलांना वाटतं न जमणं म्हणजे चूक.

तर आज रात्री जेवणं आवरली की दोन ताटल्या, चार चमचे पाणी आणि एक डबा. तिचा अंदाज आधी वहीत लिहून घ्या. सकाळी तिला स्वयंपाकघरात पहिलं जाऊ द्या, आणि ती बघून येईपर्यंत तुम्ही तिकडे फिरकू नका. "मग हवेने पिलं" म्हणाली तर लगेच कोकम गार करायला ठेवा, आणि दुसरंच काही म्हणाली तर मला नक्की कळवा, ते काय होतं ते मला ऐकायचंय.